झिजलेला हत्ती

फेब्रुवारीत टेन गावात दुपारी चारलाच दिवा लागतो.
एफी मॅक्‌कलख आली ती ओला कोट अंगावरच ठेवून,
बगलेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी,
आजारी मांजर आणावं तसं.

"आमच्या फिंडलेचा डर्क," म्हणाली. "कलोडनचा."

माझ्याकडे येणारा प्रत्येक डर्क कलोडनचा असतो.
चाळीस वर्षं घड्याळं उघडली मी. डोळे अधू झाले
तेव्हापासून लोक हत्यारं आणतात.
कोरीव काळी मूठ, चांदीच्या टाचण्या (तीन पडलेल्या),
वर धुरकट पिवळा खडा, खडीसाखरेचा असावा असा.
पात्याच्या पाठीला खाचा.
कलोडनला निदान शंभर वर्षं उशीर झालाय याला.
हे मी लगेच बोललो नाही. आधी चहा ठेवला.

म्यानावर वरच्या पट्टीत शिंगाळ हरणाचं डोकं,
खाली गेलिकमध्ये: राजाला साथ दे.
ते सोपं.
खालच्या पट्टीतली खूण मात्र दिसेना.
नखाला लागेना, भिंगालाही.
मग पातळ कागद ठेवून आडव्या पेन्सिलीने
हलके हलके घासत गेलो.
कागदावर आधी एक टेकडी उगवली,
मग टेकडीला पाय फुटले.

"डुक्कर," एफी म्हणाली.

हत्ती आहे, एफी. ही बघ सोंड, होती तिथे.
अठ्ठ्याहत्तरावी पलटण. आपलीच, रॉस-शायरची.
हत्तीच्या डोक्यावर एक शब्द असायला हवा: असाये.
पहिली तीन अक्षरं आली, पुढे साबणासारखं गुळगुळीत.

"कुठे आलं हे?"

हिंदुस्थानात. खेडं आहे.
अठराशे तीन साली आपले लोक नदी उतरून
तोफांवर चालून गेले. डर्क बराच नंतरचा,
पण हत्ती पलटणीला तेव्हापासून चिकटला.

"आणि तोफांच्या मागे कोण होतं?"

इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
पुस्तक काढलं. पलीकडच्या सरदारांची दोन नावं,
दोन पानांवर दोन वेगळ्या स्पेलिंगांत.
तोफेला हात लावून उभे राहिलेल्यांचं एकही नाही.
नकाशात बोट फिरवलं, गाव सापडलं नाही;
माझ्या नकाशात टेन तरी कुठे आहे.

मग म्यान उलटं केलं.
मागे अक्षरं कोरलेली, वेलबुट्टीची,
त्यांत फिंडलेचा फ नाही, मॅक्‌कलखचा म नाही.
हजेरीची जुनी यादी माझ्याकडे आहे:
फिंडले मॅक्‌कलख, शिपाई. कॅप्टनसाहेबांच्या तैनातीला.
म्हणजे बूट, दाढीचं गरम पाणी,
आणि हे सगळं लख्ख ठेवणं.

एफीने कप खाली ठेवला.
"चोरला म्हणतोस?"

दिलाही असेल. साहेब मेला असेल आणि
मागायला कुणी आलं नसेल.
खुणा एवढं सांगत नाहीत, एफी.
खूण फक्त सांगते कुणाच्या वतीने.

बराच वेळ ती कागदावरचा हत्ती बघत राहिली.
"लढाईत झिजला असं बाबा सांगायचे."

लढाईत ओरखडे येतात.
हे घासून झालंय.

"आई घासायची," ती म्हणाली. "वर्ष सरायच्या रात्री,
विटेची पूड आणि फ्लॅनेलचा तुकडा.
तिच्याआधी आजी. मग मी. माझा हात जरा जड आहे."

स्वतःचा अंगठा तिने उजेडात धरला,
जणू त्याच्यावर सोंडेचा ठसा उरला असेल.

निघताना आठवलं म्हणून विचारलं:
म्यानाला दोन छोटे खण आहेत,
एकात सुरी आहे, दुसऱ्यात काटा असतो. तो कुठाय?

"तो होय," टॉवेल गुंडाळत ती म्हणाली,
"चुलीपाशी. बटाटे शिजले का बघायला.
त्याच्यावरही काहीतरी आहे बघ कोरलेलं.
आम्ही कधी नीट पाहिलं नाही."