मिक्सर

दिवसभर या कम्प्युटरवर सातबारे,
उत्पन्नाचे दाखले, मशीनवर न उमटणारे अंगठे.
रात्री साडेदहाला शटर ओढून
मी ट्रक काढते.

चौदा चाकी. नॉर्वेकडं जाणारा.
भाच्यानं टाकून दिलेला गेम.
दोन्ही अंगांना काळी उभी झाडं, बर्फ,
आणि रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं,
हे अंगवळणी पडायला पंधरा दिवस गेले.

त्याच वेळी केरबादादाही चंदनझिऱ्यातून निघालेला असतो
सळया भरून, विजापूरकडं.
"कॉल चालू ठेव," म्हणतो,
"माणसाचा आवाज असला की डोळा लागत नाही."

मग हेडफोनमध्ये दोन इंजिनं.
कोणता गिअर त्याचा, कोणता माझा, कळेना.
आवाज कमी केला
की दादाही कमी व्हायचा.

गेमच्या आत इंजिनाला वेगळी पट्टी आहे,
टायरला वेगळी, हॉर्नला, पावसाला,
काच खाली करण्याला सुद्धा.
सगळ्यांना मिळून एक
अशी काही सापडली नाही.
म्हणून गाडी कडेला घ्यायची, गेममधून बाहेर यायचं,
खाली कोपऱ्यात घड्याळाशेजारी एवढासा कर्णा आहे,
त्याच्यावर उजवी टिचकी.

"काय उघडलंस?"
"मिक्सर."
"एवढ्या रात्री चटणी वाटायलीस का?"

एका रांगेत उभे सगळे: गेम, कॉल, ब्राउझर,
आणि एक जो उगीचच टिंग करतो.
ज्याच्या त्याच्या पट्टीत हिरवं चढतं, पडतं,
बोअरचं पाणी झटके देत यावं तसं.
गेम वीसवर.
दादा शंभरावर.
टिंग बंद.

तेव्हापासून दादा नीट ऐकू येऊ लागला.
वडीगोद्रीचा चहा, टोलवरची हुज्जत,
क्लिनर नाही म्हणून एकट्यानं आवळलेली ताडपत्री.
बोलता बोलता थांबला की समजायचं, गिअर बदलतोय.
मीही माझा बदलून घ्यायचे.
"उतारावर न्यूट्रल करायची नाही," म्हणायचा,
"डिझेल वाचतं अन् माणूस जातं."
नॉर्वेत मी एकदाही केली नाही.

परवा येरमाळ्याच्या अलीकडं त्याचा क्लच गेला.
रात्रीचे दोन. मेकॅनिक सकाळी.
शंभरावर ठेवलेली त्याची पट्टी
आणि आत काहीच नाही.
"दादा?"
"हाय ना."
जरासं हिरवं.
"मग बोल की."
"काय बोलू. इंजिन बंद हाय, कान कसेतरीच व्हायलेत.
वीस वर्षांत एवढं सामसूम ऐकलं नव्हतं."
मग बऱ्याच वेळानं,
"तुझी गाडी वाढव जरा."

हेडफोनची पिन काढली.
माईक स्पीकरला टेकवला.
गेमची पट्टी वीसवरून वर,
साठ, ऐंशी, पार टोकाला,
आणि घाट चढायला घेतला.

"दुसरा टाक, दुसरा. रडायलंय ते."
टाकला.
"आता बरंय."

त्यानंतर तो बोलला नाही.
त्याच्या पट्टीत हिरवं येत राहिलं
सावकाश, एका लयीत,
झोपलेल्या माणसाचं.

पार्टिशनच्या मागं खाट वाजली.
आई उठून बसली होती.
"केरबा आला का गं? गाडी वाजायली."
"नाही आई. मी आहे."

ती ऐकत राहिली थोडा वेळ,
वळणावर मी रेस सोडली ती,
पुन्हा धरली ती.

"मग मोठी लाइट लाव की," म्हणाली,
"अंधारात काय चालवायलीस."

मी लावली.
समोर बर्फ पडत होता.