सातशे ग्रॅम

सराफ्यात बांगड्यांसाठी पसरतात
तसा मखमलीचा तुकडा भदौरियांनी काचेवर पसरला
आणि वर ठेवली.
बत्तीस बोअर. काळी.
माझ्या चष्म्याच्या घरापेक्षा जेमतेम दोन बोटं मोठी.
"बाईसाहेब, पर्समध्ये कुणाला कळणारसुद्धा नाही.
सातशे ग्रॅम फक्त. भरलेली असली तर थोडी जास्त."
भरलेली.
मी वांग्यांना म्हणते तितक्या सहज म्हणाले ते.

परवाना येऊन दोन महिने झाले.
कलेक्टोरेटमध्ये विचारलं होतं, धोका कोणापासून?
मी लिहिलं, पेट्रोल पंप, भिंड रोड, रोजचा गल्ला.
नाव लिहा, म्हणाले.
नाव मला ठाऊक नाही.
जानेवारीच्या धुक्यात ज्यानं रामलखनच्या हातातून पिशवी ओढली
त्यानं तोंडाला मफलर गुंडाळला होता
आणि त्याचा कट्टा थरथरत होता,
थंडीनं असेल.
मी काचेच्या आत दहाच्या नोटा मोजत होते.
मोजणं थांबवलं नाही मी.
एकवीस, बावीस.

या शहरात नको म्हणणंच विचित्र.
इथं माणसं दूध आणायला खांद्यावर दुनाळी अडकवून जातात,
लग्नाच्या हॉलवर पाटी असते, फायरिंग मना है,
आणि पाटीला दोन भोकं.
निवडणूक आली की रांगेनं ठाण्यात जमा करतात,
पावती घेतात,
महिनाभर एक खांदा हलका ठेवून चालतात.
लष्करातल्या आमच्या भिशीत मी बोलले नाही,
एका सुलभा मुळ्येला सांगितलं.
ती म्हणाली, घे की,
पण हळदीकुंकवाला पर्स कुठं ठेवशील?

घरी येऊन पर्स पलंगावर उपडी केली.
किल्ल्या, पावतीपुस्तक, रक्तदाबाच्या गोळ्या,
ट्रकवाल्यांच्या पोरांसाठी पेपरमिंटच्या गोळ्या.
यांच्यात तिसऱ्या कुठं ठेवायच्या, समजेना.
मग काट्यावर सातशे ग्रॅम तूरडाळ तोलली,
पिशवीला दोन गाठी मारल्या
आणि आठ दिवस पर्समध्ये घेऊन हिंडले.

पहिल्या दिवशी खांदा दुखला.
दुसऱ्या दिवशी विसरले.
तिसऱ्यापासून हात आपोआप तिकडं जाऊ लागला.
हेल्मेट न काढता एक मोटरसायकलवाला आला,
शंभरचं टाका म्हणाला,
आणि मी डाळ घट्ट धरली,
त्याची छाती बघितली, शिंप्यासारखी.
जाताना म्हणाला, नमस्ते आंटी.
दूधवाल्याचा धाकटा होता.

सातव्या दिवशी एका पोरीनं
रोजच्यासारखा पेपरमिंटसाठी पर्समध्ये हात घातला.
मी झटकला. जोरात.
रडली नाही. हात पाठीमागे घेऊन
नुसती बघत उभी राहिली.

आठव्या दिवशी रामलखन रजेवर.
गल्ला घेऊन रात्री एकटीच निघाले.
आरशात एक दिवा. एकच.
मी हळू केलं तर तोही हळू.
खोटं कशाला बोलू,
तेव्हा मला खरी हवी होती.
डाळ मांडीवर घेऊन गाडी चालवत होते मी,
एकावन्न वर्षांची बाई.
डीडी नगरच्या वळणावर दिवा वळून गेला.
कोण होता, कधीच कळणार नाही.

आज भदौरियांचा फोन आला,
दुसरं गिऱ्हाईक बघतंय, बाईसाहेब.
सोमवारी सांगते, म्हटलं.
मागच्या सोमवारीही हेच म्हटलं होतं.

पिशवीची गाठ केव्हा सुटली कोण जाणे.
हाताला लागली ती डाळ शिजायला लावली,
शिट्टी झाली तशी दचकले.
बाकीची अजून अस्तरात आहे,
किल्ल्यांच्या जुडग्यात, पावत्यांच्या घड्यांत.
एकेक दाणा काढते आहे.
एकवीस, बावीस.