पावती क्रमांक सतरा

निवडणूक लागली की आमची बंदूक माहेरी जाते,
खानापूरच्या ठाण्यात.
अप्पा होते तोवर सायकलच्या दांडीला बांधून न्यायचे.
आता मी नेते, जांबोटीच्या बसनं,
जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर आडवी.
कंडक्टर कानडीत विचारतो, हे काय?
म्हणते, माहेरवाशीण.
त्याला कळत नाही. बायकांना तिकीट नाही हल्ली,
माझं माफ करतो, तिचं अर्धं फाडतो.

ठाण्याच्या ओसरीत अकरा नळ्या भिंतीला टेकून,
अकरा मालक बाकावर आणि पायरीवर.
साहेब बंदोबस्ताला गेलेले, कुलपाची किल्ली त्यांच्याकडे.
मग गोष्ट निघतेच.

इनास सोज म्हणाला, माझी बहीण टेक्सासला.
तिथं दूध आणायला निघालेला माणूस कमरेला लावून जातो.
कायद्यातच लिवलंय त्यांच्या. देश असावा तर असा.
खरं तिची पोरगी शाळेत
बाकाखाली लपायची प्रॅक्टिस करते,
हेही तोच म्हणाला,
आणि खिशात तपकिरीची डबी शोधत बसला.

सुभेदार मष्णू गावडे, पलटणीतून पेन्शनीत आलेले,
ताठ बसून म्हणाले, स्वित्झर्लंड बगा.
घराघरात सरकारी रायफल.
खरं गोळ्या सरकारच्या कुलपात.
ह्याला शिस्त म्हणतात.

बसगौडा पाटलांच्या उसात डुकरं शिरतात.
ते म्हणाले, एवढं लांब कशाला जाता?
आपल्याच राज्यात कोडगूवाले, त्यास्नी लायसनच नको.
पूजा करतात बंदुकीची. आम्ही काय पाप केलंय की ओ?
‘आपल्याच राज्यात’ म्हटल्यावर
दोघातिघांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं.

लुमाण्णाचा पोरगा मोबाइलमधून मान वर न काढता:
जपानात परीक्षा असते. डोकं तपासतात.
शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून येतात, माणूस कसा हाय म्हणून.
शेजाऱ्यांना?
सगळ्यात मोठ्यानं बसगौडा हसले.
माझा शेजारी अठरा वर्षं कोर्टात हाय, म्हणाले, माझ्याच विरुद्ध.

आमच्याकडे ‘पण’ला ‘खरं’ म्हणतात.
पुण्याची वहिनी अजून हसते त्याला.
मला त्यात चूक दिसत नाही.
समोरच्याचं मोडायचं असलं तरी
आधी खरं म्हणावं लागतं.

मी काही बोलले नाही.
बोलले असते तर त्या सालचं बोलले असते,
भाषेवरून गावं पेटली होती, जूनच होता,
रात्री पंधरावीस जण दारात, हातात कंदील.
अप्पा, बंदूक द्या. आता नाही तर कधी?
अप्पा उंबऱ्यात बसले. म्हणाले, ही डुकरासाठी हाय.
कुणीतरी गद्दार म्हणालं. कुणीतरी अंगणातली तुळस लाथाडली.
पुढं वर्षभर हॉटेलात त्यांच्यापुढं कप ठेवला नाही कुणी.
आणि आठवड्यानं पोलीस आले, तेही बंदूकच मागत,
तर अप्पांनी त्यांना आधी पावती मागितली.
त्या कंदिलांमागं मष्णू होता,
मिसरूड फुटलेला, भरतीला जायच्या आधीचा.

रायटरनं आकडा पुकारला, हदिनेळु.
सतरा म्हणजे मी. तेवढं कानडी येतं.
पावतीवर नाव त्यांच्या अक्षरांत,
गोल गोल, माझंच असणार.

द्यायच्या आधी सुभेदारांनी हात पुढं केला.
सवय त्यांची. लुगडं सोडलं, एकनळी मोडली,
नळी दाराकडं धरून एक डोळा मिटला.
रिकामी?
म्हटलं, अप्पांनी घरात काडतूस कधी ठेवलंच नाही.
डुकरं आली की गौडांकडून दोन उसनी आणायचे.
त्या रात्रीसुद्धा रिकामीच होती.

नळीतला उजेड बराच वेळ त्यांच्या डोळ्यावर पडलेला.
मग बंदूक मिटली, लुगडं नीट घडी करून
माझ्या हातात दिलं.
खरं, म्हणाले,
आणि पुढं काही म्हणाले नाहीत.