कोपर

रविवारी नेरूळच्या तळ्याकाठी
तोफेएवढा कॅमेरा लावून बसलेल्या एका काकांनी
सहज सांगितलं,
पिल्लं राखाडीच जन्मतात हो,
मग बारीक कोळंबी-बिळंबी खाऊन खाऊन
अशी गुलाबी होतात.
आणि मराठीत ह्यांना रोहित म्हणतात.

निमा साडेचार वर्षांची.
ती बराच वेळ गप्प राहिली,
तेव्हाच मला कळायला हवं होतं.
मग म्हणाली, आमच्या वर्गात एक रोहित आहे.
तो नाही गुलाबी.
त्याची आई त्याला भेंडी देते.

सोमवारी तिने पोह्यांत जवळा मागितला.
मंगळवारी वरणात.
बुधवारी दुधात,
तो बेत मात्र मी हाणून पाडला.

करावे गावच्या बाजारात जयवंतीबाय
वाटा कागदात बांधता बांधता म्हणाल्या,
रोज जवला? घरान मांजर पाललंस का बाय?
पाळलंय, म्हटलं. दोन पायांचं.
पण सध्या ते एकाच पायावर असतं:
दात घासताना,
बूट घालताना (आणि मग पडताना),
गणपतीच्या फोटोला नमस्कार करताना.

थोरली स्वरदा नऊ वर्षांची, म्हणजे शास्त्रज्ञ.
तिने फ्रिजवर तक्ता लावला.
रोज रात्री टॉर्च घेऊन तपासणी:
नाक, नाही.
कान, नाही.
ढुंगण, थोडंसं, पण ते आधीपासूनच.
पुढे सही, तारीख.

हृषीकेश माहेरचा देशस्थ, म्हणजे त्याच्याच माहेरचा.
घरात मासळी शिजली की गॅलरीत जाऊन उभा राहतो.
त्या आठवड्यात तो लॅपटॉप, चार्जर
आणि उशी घेऊनच गेला.

गुरुवारी शाळेतून फोन.
मॅडम फार मृदू आवाजात बोलत होत्या,
म्हणजे प्रकरण गंभीर.
निमाच्या कंपासपेटीत खोडरबराच्या कप्प्यात
सुका जवळा सापडला होता.
वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या.
शिवाय तिने चिमूटभर रोहितलाही दिला,
उगाच नाव फुकट जायला नको म्हणून.
संध्याकाळी रोहितच्या आईचा फोन.
माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली,
ते सोडा हो.
तो आता भेंडी खात नाही,
तुम्ही त्यात नक्की काय घालता?

शुक्रवारी पहाटे किंकाळी:
आलं! कोपर आलं!
खरंच आलं होतं. गुलाबी, गोल, चकचकीत,
कडेने जरा बाहेर गेलेलं.
स्वरदाच्या बोटांवरही आलं होतं.
मी नुसतं बघितलं तिच्याकडे.
ती म्हणाली, आई, प्रयोगाला कधीकधी
थोडी मदत करावी लागते.

आंघोळीत साबण लागला
आणि बादलीत गुलाबी पाणी.
अख्ख्या इमारतीला ऐकू गेलं,
आईने माझा फ्लेमिंगो पुसला!
आईने माझा फ्लेमिंगो पुसला!
खालून वॉचमनने इंटरकॉम केला,
मॅडम, सब ठीक है ना?

मेअखेरीस पक्षी जायला लागले.
निमाने बॅग भरली:
दोन चड्ड्या, स्विमिंगचा चष्मा,
रबरबँड लावलेली जवळ्याची पुडी.
कुठे निघालीस?
कच्छला. सगळे चाललेत.
तिकडे रात्री गोष्ट कोण सांगणार, मी विचारलं.
तिने विचार केला.
एका पायावर, नीट, बराच वेळ.
मग दुसरा पाय खाली ठेवला
आणि चड्ड्या परत कपाटात. चुकीच्या खणात.

हे सगळं झालं.
पण त्या आठवड्यातल्या डब्यांत उरलेला जवळा
रोज कोण संपवत होतं,
ते तक्त्यावर कुणीच लिहिलं नाही.

काल लिफ्टमध्ये एकटी होते.
आरशासमोर बाही वर केली,
हात वळवून वळवून पाहिलं.
दार सातव्या मजल्यावर उघडलं कधी, कळलंच नाही.
सबनीसकाका आत येत म्हणाले,
काय गं, लागलं का कोपराला?

नाही हो काका, म्हटलं.
अजून नाही.