तारखेसकट

क्वार्टर सोडताना सुपडाबाईंनी
कॅलेंडरचं एक पान हातात दिलं, चार घड्या घातलेलं.
आत टमाट्याचं बी, वाळून चिकटलेलं
जून महिन्यावर.
चौकोनाचौकोनांत नथ्थूअप्पांचं निळं पेन:
नाइट, नाइट, रेस्ट.
मग टेम्पोत खाट चढली, कपाट चढलं
आणि ती दोघं बेटावदला गेली.

पान मी चहापत्तीच्या डब्यात ठेवलं
आणि विसरले. तीन उन्हाळे विसरले,
तेही भुसावळचे,
जिथे दाराची कडी फडक्याने धरून उघडायची.

पोळ्यानंतर डबा घासायला काढला.
फोन लावला, बाई, उगवेल का हो हे?
पलीकडे आधी खोकला, मग हसू.
‘बी निजेल शे, मरेल नही.
टाकी दे मातीमा.’

नखाने बी सुटेना.
शेवटी कात्रीने एकेक तारीख कापली
आणि तारखेसकटच पेरली.
दुधाच्या पिशव्या, एक फुटका डबा,
डिगंबरच्या ड्यूटीच्या जुन्या टिफिनचं झाकण.
वर चाळलेली माती, केळीच्या पानाची सावली.

बुधवारी काही नाही.
गुरुवारी काही नाही.
डिगंबर इंजिनावरून यायचा,
बूट काढायच्या आधी वाकून बघायचा,
म्हणायचा, सिग्नल लालच.

नवव्या दिवशी पहाटे
माती जराशी उचललेली,
झोपलेल्याच्या गुडघ्याशी चादर असते तशी.
वाकडी, पांढुरकी मान
आणि डोक्यावर अजून तेच टरफल.
एकाने तर कागदही वर आणला होता,
भिजून लगदा झालेला,
त्यावर ‘ना’ एवढंच वाचता येत होतं.

सतरा उगवली. रेस्टवाली सगळ्यात उशिरा.
हे सांगितलं तर डिगंबर इतका हसला
की ठसका लागला.

आता म्हणे एका जागी एकच ठेवायचं,
बाकीची उपटायची.
मी चिमूट नेली, पण पान तेवढं चुरलं,
बोटांना वास लागला. हिरवा, कडवट.
भरतात टमाटा चिरताना येतो तो नव्हे,
त्याच्याही आधीचा.
उपटलं नाही एकही.

एक गेलं सुभान तडवींच्या दारात,
दोन तिकीट खिडकीवरच्या मॅडमकडे,
एक, मुळाला ओलं फडकं गुंडाळून,
सुरत पॅसेंजरने बेटावदला,
ओळखीतल्या माणसाच्या मांडीवर बसून.

आज सुपडाबाईंचा फोन.
फळ धरलंय, बोराएवढं.
अप्पा सकाळ-संध्याकाळ मोजतात. आहे एकच, तरी मोजतात.
‘तुना झाडले काय लागनं?’

मी मागच्या ओट्यावर गेले.
पिवळी फुलं, सगळी खाली तोंड करून.
एका देठाला टिचकी मारली,
जराशी पिवळी धूळ उडाली.
म्हटलं, बाई, आमची अजून नाइटलाच आहेत.
तेवढ्यात यार्डातून मालगाडी निघाली, लांबलचक,
त्यांना ऐकू गेलं की नाही
कोण जाणे.