रिमार्क

एका फोटोचे मला साडेचार रुपये मिळतात.
मीटर दिसला पाहिजे, आकडा दिसला पाहिजे,
बोट दिसता कामा नये.

वर पर्वतीची टेकडी, खाली कालवा,
मधे पत्र्याला पत्रा लावून जनता वसाहत.
एकेका फळीवर बारा-बारा मीटर,
प्रत्येकाचा लाल दिवा लुकलुकतो.
भराभर लुकलुकला तर कोणीतरी इस्त्री लावलीय.
फारच सावकाश,
तर घरात नुसता चार्जर.
दारं न वाजवता मला एवढं कळतं.

त्र्याण्णव नंबरच्या गल्लीत
मालन रणखांबेच्या दाराला मीटर नव्हता.
बोडक्याच्या माळ्यावरून
वाळत घातलेल्या चादरींखालून
एक वायर यायची.
त्या एका वायरीवर सात खोल्या.
तो पॉइंटवर पैसे घ्यायचा:
बल्बचे दोनशे, पंख्याचे दोनशे,
पिकोच्या मशीनचे पाचशे.
"मोटार आहे ना त्याला, ताई."

संध्याकाळी सातही खोल्या जाग्या,
मशीन कण्हायचं,
सुई साडीत रुतून बसायची.
मग मालन हातानेच फॉल लावायची
आणि साडेअकराची वाट बघायची.
खोल्या निजल्या की वायरीत जीव यायचा.
पहाटे तीनपर्यंत
लक्ष्मी रोडवरून आलेला गठ्ठा,
कोणाच्या तरी साखरपुड्याचा, कोणाच्या डोहाळजेवणाचा,
साडीमागे अठरा रुपये.
झोपेचे कोणी धरत नाही.

मला म्हणाली, दादा, तेवढा फॉर्म भरा की.
भरला.
पत्त्याचा पुरावा?
रेशन कार्ड गावचं,
आधारवरची खोली पाडलेली.
ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, अहो, सोपं आहे,
लाईट बिल जोडा.
मी हसलो.
मालनने विचारलं,
"कोणाचं?"

अकरा महिने गेले. नगरसेवकाचं पत्र,
बोडक्याची ना हरकत,
ना हरकतीचे वेगळे तीन हजार.
मग एका शनिवारी मीटर बसला.
महिन्याने रीडिंगला गेलो तर
तिने पदराने काच पुसून ठेवलेली.

"एका युनिटात किती साड्या होतात हो?"
मशीन दहा तास चालतं, म्हणालो, एका युनिटात.
"दहा तास?"
ती बोटांवर मोजू लागली.
बोडक्याचे पाचशे, चार वर्षं,
बोटं संपली, पेरं सुरू झाली.
मी मोबाईलकडे बघत राहिलो.
खूप वेळ ॲप उघडतच नव्हतं,
असं मी दाखवलं.

फोटो काढला तर काचेत
आकड्यावर तिचाच चेहरा आला.
ॲपने तो घेतला नाही.
रिमार्क निवडा, म्हणालं:
घर बंद. मीटर बंद. फोटो अस्पष्ट.
मी तिसऱ्यावर बोट ठेवलं.
साडेचार रुपये गेले.
तसेही पुढल्या वर्षीपासून
मीटर आपला आपणच बोलणार आहे म्हणे,
मग आम्हाला कोण पायऱ्या चढवतंय.
सुपरवायझरला विचारलं तर म्हणतो,
बघू.

गल्ली उतरताना मागे मशीन सुरू झालं.
दुपारचे सव्वाचार.
भरदिवसा, बाई मशीनवर.
लाल दिवा लुकलुकत असणार,
वळून पाहिलं नाही,
पुढे अजून सदुसष्ट मीटर होते.