मेताथेसी

बुधवारच्या बोटीनं
पोलिक्सेनीबाईंच्या बदलीचा कागद आला.
वर एकच शब्द, ठळक: मेताथेसी.

फळा पुसता पुसता त्या म्हणाल्या,
फार जुना आहे. शेवटचा स् तेवढा झिजला.
जीभ घसरून अक्षरांनी जागा बदलली,
तरी हाच.
मागच्या बाकावर कुणीतरी खिदळलं.

पापा-सावास म्हणाले, हनोखाला
मरण शिवलंच नाही, देवानं उचललं.
तिथंही हाच.

धक्क्यावर स्पंज कातरत बसलेल्या झांबेतानं
कात्री थांबवली.
आमचा माणूस बुडी मारून वर आला नाही.
अठरा वर्षं दाखल्यावर ‘बेपत्ता’.
बाई, निघण्याआधी
तेवढं खोडा.
बदली झाली, असं लिहा.

कुठं,
ते रिकामं ठेवा.